रविवारची खरखर

“बंद करा हो, बंद करा!” मोकाशी म्हणाले. “हे असलं ऐकण्यापेक्षा गप्प बसलेलं परवडलं.”

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले. ह्यांनी डाव्या हातानं रेकॉर्डवरची सुई उचलली. जाजमावर बसलेली आठ-दहा माणसं एकमेकांकडं बघायला लागली. तोंडं अशी, की घरात कुणी गेलंय आणि हे भेटायला आलेत.

“मध्येच खर्र करतंय, मध्येच थांबतंय,” मोकाशी म्हणाले. “सलग असतं तर कान सवय करून घेतात. हे नेमकं जागेवर येऊन टोचतं. काय वकीलसाहेब?”

वकीलसाहेब पोतनीस भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मोकाश्यांच्या तोंडाकडं बघितलं, मग मान हलवली.

“खरं आहे,” ते म्हणाले. “फार त्रास होतो.”

झालं. वकीलसाहेबांनी म्हटलं म्हणजे कोर्टाचाच शिक्का. मी ट्रे खाली ठेवला आणि कप वाटत सुटले. कुणी माझ्याकडं वर बघितलं नाही. एरवी ‘वा वहिनी, आलं घातलंय वाटतं’ असं काहीतरी म्हणायचे.

याला आता बरीच वर्षं झाली. कराडला आमच्या घरी दर रविवारी दुपारी चारला श्रवण मंडळ भरायचं. मंडळ म्हणजे नाव मोठं. ना अध्यक्ष, ना पाटी. ह्यांच्याकडं जुन्या गाण्यांच्या रेकॉर्डी होत्या, कमरेइतकी उंच स्पीकरची दोन खोकी होती, आणि गाणं ऐकायला माणसं जमवायची हौस होती. ती जमायची, माना डोलवायची, चहा प्यायची, वाद घालायची आणि सहाला उठायची. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मला कळायचं ते एवढंच, की रविवारी दूध जास्त घ्यायचं.

हे मार्केट यार्डात गुळाचे सौदे काढायचे, म्हणजे लिलाव पुकारायचे. सौदा काढणारा माणूस म्हणजे आवाज आला. चंद्रशेखर शेटे सौद्याला उभे राहिले की फाटकाबाहेरचा चहावाला हातातली किटली खाली ठेवायचा, असं यार्डातले लोक सांगायचे. आणि मग एका सकाळी दाढी करताना उजवा हात लटकला, तोंड वाकडं झालं आणि आवाजच गेला. पाय आला थोडा, घासत का होईना चालायला लागले. बोलणं काही आलं नाही. म्हणजे माझ्याशी ‘चा’, ‘नको’, ‘हो’, एवढं तोडून तोडून बोलायचे. चारचौघांत तेही नाही. एकदा मंडळात एका तानेला ‘वाहवा’ म्हणायला गेले, तर नुसतं ‘व्हाऽ’ असं काहीतरी निघालं आणि हनुवटीवर लाळ आली. कुणी हसलं नाही हो. सगळ्यांनी खाली बघितलं. ते हसण्याहून वाईट. त्या दिवसापासून माणसांत ह्यांचं तोंड शिवल्यासारखं बंद.

पण रविवार मात्र चुकवायचे नाहीत. सकाळपासून रेकॉर्डी पुसत बसायचे. मला मागाहून कळलं ते असं, की गाणं ऐकायला तोंड लागत नाही. तिथं सगळेच गप्प. त्या दोन तासांत हे आणि बाकीचे सारखेच.

तर त्या दिवशी चहा पिऊन झाल्यावर मोकाशी म्हणाले, “मी म्हणतो, माझ्याकडं भरवू या ना. सेट नवाकोरा घेतलाय. फ्लॅटही मोकळाच आहे, आम्ही दोघंच.”

मोकाशी बँकेतून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हता, पण नवी वस्तू घेतली की चार लोकांना दाखवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टचा नुसता खड्डा होता.

ह्यांच्याकडं मी बघितलं. हे रेकॉर्ड पाकिटात घालत होते. एका हातानं ती जात नव्हती, आणि हे घालतच राहिले होते.

“घाई नको,” वकीलसाहेब म्हणाले. “शेखरचं घर आहे. एकदम उठून कसं जायचं? आणखी दोन रविवार बघू. खरखर गेली तर प्रश्नच मिटला. नाही गेली तर मग मोकाश्यांकडं.”

वकीलसाहेबांच्या शब्दापुढं कुणी जायचं नाही. ऐंशीच्या पुढचे, आणि कान असा म्हणायचे, की गावात गायला आलेला मोठा गवईसुद्धा आधी विचारायचा, पोतनीस आलेत का? तंबोरा तसूभर उतरला तरी वकीलसाहेबांना झोंबायचा, म्हणे. मंडळात काय चांगलं, काय वाईट, ते तेच सांगायचे.

सगळे गेल्यावर मी कप गोळा करता करता म्हणाले, “जाऊ देत गेले तर. मलाही एक रविवार मिळू दे पाठ टेकायला. तीन वर्षं झाली, आंघोळ घालते, जेवू घालते, व्यायाम करून घेते, वर ह्यांचे पाहुणे.”

वाईट बोलले, पण खरं बोलले. अंग इतकं दुखायचं त्या दिवसांत, की देवळात गेले तरी देवापुढं बसून डुलकी लागायची.

रात्री भाकरी पुढं ठेवली तर भिंतीकडं तोंड करून पडले. मी दोनदा हाक मारली. मग तसंच भिंतीकडं बघत म्हणाले, “सो... ध.”

“काय शोधू?”

“खर... खर.”

“मी शोधू? अहो, मला फ्यूज बदलता येत नाही!”

“सोध,” हे परत म्हणाले, आणि डोळ्याला पाणी आलं तेव्हा मी म्हटलं, बरं बाई, शोधते. जेवा आधी.

दुसऱ्या दिवशी रफीकला बोलावला. आमच्या घरची वायरिंग त्यानंच केलेली. त्यानं सेट उघडला, फुंकर मारून धूळ उडवली, ही पिन हलव, ती पिन हलव केलं, आणि रेकॉर्ड लावून बसला. रेकॉर्ड एका बाजूनं संपली, दुसऱ्या बाजूनं संपली, खरखरीचा पत्ता नाही. डॉक्टरच्या दारात नेलं की पोराचा ताप उतरतो, तसलं काम.

“वहिनी, सेट एकदम ओके आहे,” तो म्हणाला. “अर्थिंग सुकलं असेल. खड्ड्यात मीठ घाला आणि रोज बादलीभर पाणी ओता.”

मागच्या अंगणात शेवग्याच्या बुडाशी तो अर्थिंगचा खड्डा होता. मी खडेमीठ टाकलं आणि रोज सकाळी पाणी ओतायला लागले. शेजारच्या माळीणकाकू कुंपणावरून म्हणाल्या, “काय हो शेटेवहिनी, काय लावलंय त्यात?”

“काय उगवतंय ते बघतेय,” मी म्हणाले.

तेवढ्यावर विसंबून चालणार नव्हतं. मग दुपारी आम्ही दोघं बसायला लागलो. हे रेकॉर्ड लावायचे आणि मी घरभर फिरून एकेक वस्तू चालू-बंद करायची. फ्रिज. मिक्सर. पाण्याची मोटार. ट्यूबलाइट. पंख्याचा रेग्युलेटर. स्वयंपाकघरातून मी ओरडायची, “आली का?” आणि हे डावा हात नाही म्हणून हलवायचे, तो बघायला मी पळत बाहेर यायची. मग परत आत. मिक्सर लावला तेव्हा स्पीकरमध्ये गुर्रर्र झालं, तर मी उड्याच मारल्या, पण हे मान हलवायला लागले. ही ती नव्हे. ती वेगळी. ती कशी, हे ह्यांना सांगता येईना. शेवटी घसा ताणून स्वतःच ‘खर्र’ करून दाखवलं. तो आवाज मात्र कसा बिनचूक निघाला! मी हसले. हेही हसले, वाकड्या तोंडानं. तीन वर्षांत आम्ही दोघांनी मिळून काही केलंच नव्हतं. मी करायची आणि हे करून घ्यायचे. हे असं नोकरीवर असल्यासारखं दोघांनी राबायचं, ते मला बरं वाटलं, पाय मोडून आले तरी.

पण खरखर काही सापडली नाही. सोमवार ते शनिवार सेट शहाण्यासारखा गायचा. म्हणजे आजार रविवारचा होता. रविवारी नवीन काय येतं? माणसं. माणसांबरोबर काय येतं? मोबाइल. झालं, मला वाटलं, पकडला चोर.

पहिल्या रविवारी मी दारातच दुरडी घेऊन उभी राहिले. “मोबाइल टाका,” मी म्हणाले.

“वहिनी, देवळात चपला काढतात तसं झालं हो हे,” कुणीतरी म्हणालं.

“टाका म्हणते ना!”

दुरडी नेऊन मागच्या खोलीत ठेवली. फ्रिज बंद, पंखासुद्धा बंद. मे महिना. सगळ्यांच्या पाठीला सदरे चिकटले, पण कुणी कुरकुरलं नाही. गाणं सुरू झालं. सुरुवातीचं ते तबला नसलेलं, संथ संथ, तोवर सगळं स्वच्छ. मी मनात गणपतीला हात जोडले. मग तबला सुरू झाला. थोडा वेळ गेला आणि खर्र.

मोकाशी माझ्याकडं वळून बघायला लागले. तोंडानं ‘चक चक’ केलं, पण डोळे हसत होते.

मला इतका संताप आला की ट्रे तिथंच आपटावा. आठवडाभर मिठाचे खडे टाकते, उन्हात बादल्या वाहते, घरभर धावते, आणि ही आपली हजर! मी दाराच्या चौकटीला टेकले आणि कुठंतरी बघायचं म्हणून समोर बघत राहिले. समोर वकीलसाहेब होते. डोळे मिटून ताल धरत होते. तबल्याचं ते एक ठिकाण येतं ना, जिथं सगळ्यांच्या माना एकदम पडतात, तिथं मान पडायच्या ऐवजी वकीलसाहेबांचं सगळं अंगच पुढं झुकायचं आणि परत मागं जायचं. झुकले, मागं गेले. खर्र.

मी नीट बघायला लागले. परत सगळ्यांच्या माना पडायची वेळ आली. वकीलसाहेब झुकले. मागं गेले. खर्र.

गाणं भरभर चालायला लागलं. वकीलसाहेबही भरभर. खर्र, खर्र, खर्र.

मी ट्रे घेऊन तशीच आत गेले, स्टुलावर बसले आणि कपाळावर हात मारला.

झालं होतं ते असं. स्पीकरची वायर पूर्वी खोलीच्या मधून जायची. ह्यांचा पाय घासत चालायला लागल्यावर त्यात अडकेल म्हणून मीच ती भिंतीकडेनं फिरवून जाजमाखालून नेली. वायर कमी पडली तेव्हा रफीकनं तुकडा जोडून वर काळी टेप गुंडाळली. तो सांधा नेमका भिंतीजवळ, खोक्याच्या बाजूला. वकीलसाहेब पूर्वी मधोमध पुढं बसायचे. अलीकडं पाठीला आधार हवा म्हणून ते भिंतीशी सरकले होते. वडील माणूस, खाली टोचू नये म्हणून मीच त्यांच्यासाठी गोधडीची चौघडी घालायची. म्हणजे सांधा, त्यावर जाजम, त्यावर गोधडी, त्यावर वकीलसाहेब. आणि ते डोलले की सांधा हलायचा. सोमवार ते शनिवार तिथं बसणार कोण?

सगळे गेल्यावर मी ह्यांना रेकॉर्ड लावायला लावली आणि गोधडीवर पाय ठेवून दाबला. खर्र. सोडला, दाबला. खर्र.

“तुमचे वकीलसाहेबच खरखर करतायत!” मी म्हणाले.

हे हसायला लागले. किती हसले म्हणून सांगू! श्वास अडकला, डोळ्यांतून पाणी आलं, मी पाठ चोळली तरी थांबेनात. मग शांत झाल्यावर तोंडावर बोट ठेवून म्हणाले, “नको. त्यांना... नको.”

“नाही सांगत हो. मला काय वेड लागलंय?”

मंगळवारी रफीक येऊन अखंड वायर टाकून गेला, बिनसांध्याची, चौकटीवरून फिरवलेली. मी स्वतः गोधडीवर बसून वकीलसाहेबांसारखी डुलून बघितली. खोलीभर नुसतं गाणं. हे माझं डोलणं बघून परत हसले. तो आठवडा आमच्या घरात सणासारखा गेला. ह्यांनी रविवारसाठी रेकॉर्ड निवडली, चार वेळा बदलली. मी रविवारी शिरा केला. कोण ते सुटका हवी म्हणत होतं, ते मी विसरूनच गेले होते. मनात एकच, आता जा म्हणावं कुठं जाता ते.

दुसरा रविवार आला. सगळे वेळेआधीच आले. मोकाशी सगळ्यांत आधी. वकीलसाहेबांना मी हात धरून भिंतीशी बसवलं. ह्यांनी सुई ठेवली आणि खुर्चीत मागं टेकून बसले.

ते तबल्याविनाचं संपलं. तबला आला. माना पडल्या. वकीलसाहेब झुकले, मागं गेले. काही नाही. परत माना पडल्या. काही नाही. मी दारात उभी. एकेक माणूस सैल होत गेला. मंडळातल्या हिंगमिरे मास्तरांनी डोळे उघडून ह्यांच्याकडं बघितलं आणि हळूच मान डोलावली. एवढंच काय, मोकाश्यांनीसुद्धा ह्यांच्याकडं बघून बोटानं ‘मस्त’ अशी खूण केली. शेवटी गाण्यावर जीव होता त्यांचाही. ह्यांचा चेहरा असा उजळला होता, लग्नातसुद्धा मी तसा बघितला नव्हता.

आणि गाणं भरात असताना वकीलसाहेबांनी हात वर केला.

“थांबव शेखर,” ते म्हणाले. “आली बघा परत.”

ह्यांनी सुई उचलली.

“दोन रविवार दिले तरी आहेच,” वकीलसाहेब म्हणाले. “मला वाईट वाटतं, पण आता काय करणार?”

“वकीलसाहेब, मला तर काहीच...” मोकाशी बोलायला लागले आणि मध्येच थांबले.

“काय? तुम्हाला नाही आली?”

वकीलसाहेबांनी मोकाश्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग मास्तरांच्या. मग एकेक करत सगळ्यांच्या. घाईघाईनं, जत्रेत मूल हरवल्यावर आई बघते तसं. तेव्हा मला दिसलं. हा माणूस कानानं ऐकतच नव्हता. हा तोंडं बघत होता. मोकाश्यांनी खरखर म्हटलं की वकीलसाहेबांनी खरखर म्हणायचं. आणि भिंतीशी सरकले होते ते पाठीसाठी नव्हे, खोक्याच्या जवळ जायला. आज कुणाच्या तोंडावर काही दिसेना, तेव्हा आपल्यालाच आली नाही की काय या भीतीनं त्यांनी अंदाजानं हात वर केला होता.

मला कळलं, तसं सगळ्यांना कळलं. कुणाला आधी, कुणाला मागून, पण कळलं. उभ्या गावाचा कान होता तो. आणि कुणी एकानं ‘नाही आली’ एवढं म्हटलं असतं तरी तो कान तिथं जाजमावर सगळ्यांसमोर गेला असता. पण तसं म्हटल्याशिवाय मंडळ आमच्याकडं राहणार नव्हतं.

“बोला ना,” वकीलसाहेब म्हणाले. “कुणालाच नाही आली?”

मी तोंड उघडणार होते. खोटं कशाला सांगू, मी ‘नाही आली’ म्हणणार होते. माझ्या माणसाच्या आठवड्याचे ते दोन तास होते, आणि मी त्यासाठी बादल्या वाहिल्या होत्या.

“आ... ली.”

सगळे वळले. हे बोलले होते. खुर्चीचा हात धरून अर्धे उठले होते, मानेची शीर फुगलेली, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती आणि ती पुसायला हात मोकळा नव्हता.

“मला... पण,” हे म्हणाले. “आली.”

“बघा!” वकीलसाहेब म्हणाले. त्यांचे खांदे एकदम खाली आले. “शेखरला आली. मी म्हणत होतो ना!”

मग हे माझ्याकडं बघायला लागले. रागानं नाही, विनवणीनंही नाही. नुसते बघत राहिले.

“आहे ती अजून,” मी म्हणाले. “आम्हाला काही सापडली नाही.”

माझाच आवाज मला परका वाटला. मी पुढं होऊन पदरानं ह्यांची हनुवटी पुसली आणि शिरा आणायला आत गेले. शिरा सगळ्यांनी खाल्ला. छान झालाय, असंही म्हणाले.

मोकाशी सगळ्यांच्या मागून निघाले. पायरीवर चप्पल घालताना हळूच म्हणाले, “वहिनी, सेट एकदम साफ होता.”

“माहीत आहे मला.”

“मग आता?”

“आता काय, तुमच्याकडं,” मी म्हणाले. “ठरल्याप्रमाणं.”

“शेटे आमच्याकडं जिने कसे चढणार हो?”

“ते आधी सुचलं नाही तुम्हाला?”

ते चप्पल तशीच अर्धी घालून उभे राहिले. मला त्यांची कीव आली, पण दाखवली नाही. दार लावून घेतलं आणि आत येऊन ह्यांच्यावर बरसले.

“तीन वर्षांत चारचौघांत तोंड उघडलं नाहीत, आणि उघडलं ते याच्यासाठी? स्वतःच्या हातानं घालवलंत! मी मेले धावून धावून, आणि तुम्ही...”

“माझा... आवाज... गेला,” हे म्हणाले. एकेक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा वर येत होता. “सगळ्यां... देखत. मला... माहितीय... ते.”

मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. रागानं रडले की कशानं, कोण जाणे.

मोकाश्यांनी जिन्याचं मनावर घेतलं, एवढं म्हणायला हवं. पुढच्या रविवारी दोघांना घेऊन आले, ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि तीन मजले उचलून नेलं. जिन्यात बिऱ्हाडांची दारं उघडायची, पोरंबाळं बघायची. पुन्हा एकदा नेलं. त्यानंतर मोकाशी दारात आले तेव्हा ह्यांनी डोक्यावरून चादर ओढून घेतली. मी म्हणाले, बरं नाही त्यांना. मग कुणी येईनासं झालं. त्यात त्यांचा दोष नाही.

मला रविवार मिळाला. दुपारी मी पाठ टेकायची आणि टक्क जागी राहायची. पलीकडच्या खोलीत हे रेकॉर्डी पुसायचे, पण लावायचे नाहीत. मी म्हणायची, लावा की. हे म्हणायचे, नको.

आषाढ लागला होता. अशाच एका रविवारी दारात रिक्षा थांबली. बघते तर वकीलसाहेब. एकटेच. भिंत धरधरून पायऱ्या चढले.

“आज मोकाश्यांकडं नाही का?” मी मोठ्यानं विचारलं.

“नाही,” ते म्हणाले. “जिने फार आहेत.” मग आत येत म्हणाले, “आणि तिथं माणसं फार आहेत.”

मी गोधडी आणायला वळले, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. कोपऱ्यातली लाकडी खुर्ची त्यांनी स्वतः ओढत ओढत खोक्यापर्यंत नेली, पार चिकटवून, आणि बसल्यावर उजवा पंजा खोक्याच्या अंगावर पालथा ठेवला.

“लाव शेखर,” ते म्हणाले.

हे माझ्याकडं बघायला लागले. मग उठले. कितीतरी दिवसांनी सुई रेकॉर्डवर टेकली. वकीलसाहेबांनी डोळे मिटले. खोक्यावरची त्यांची बोटं हळूहळू हलायला लागली. कुणाच्या तोंडाकडं ते बघत नव्हते. मी दारातच जमिनीवर बसले.

रेकॉर्डची बाजू संपली तसे त्यांनी डोळे उघडले.

“शेखर,” ते म्हणाले, “खरखर गेली का रे?”

आजवर कधी त्यांनी गाण्यातलं काही कुणाला विचारलं नव्हतं. ते सांगायचे. ह्यांनी खाली बघितलं. आपला लुळा पंजा चोळला. मला वाटलं, आता परत खोटं बोलतील.

“गेली,” हे पुटपुटले.

“काय?”

“गे... ली. तेव्हाच.”

वकीलसाहेब खुर्चीतून ह्यांच्याकडं वाकले. कानामागं हात धरला, आणि म्हाताऱ्या माणसानं कंटाळून म्हणावं तसं, अगदी साधं म्हणाले, “मोठ्यानं बोल रे. मला ऐकू येत नाही.”

हे मोठ्यानं बोलले. इतक्या मोठ्यानं, की माळीणकाकू कुंपणाशी येऊन विचारायला लागल्या, काय झालं हो?